टाकीचं वजन स्टँडला धरून ठेवत नाही

माशांच्या टाकीसाठी घरीच स्टँड करायचा म्हटलं की एक सल्ला हमखास फिरत फिरत आपल्यापर्यंत येतो. चार जाडजूड पाय घ्या, वर फळी ठोका, स्क्रू मारताना हात आखडू नका, फळीवर थर्माकोल टाका. मग पाण्याचं वजनच स्टँडला जमिनीशी दाबून धरतं, हलायची चिंता नको. ऐकायला पटतं. पण यात पूर्ण खरी गोष्ट एकच, ती म्हणजे वजन भरपूर असतं.

ते किती, हे आधी बघू. ९० सेंमी लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकी काठाखाली ५ सेंमी सोडून भरली तरी पाणी झालं १६२ लिटर, म्हणजे १६२ किलो. काच ८ मिमीची असेल तर तिचे साधारण ३२ किलो. वर खडी आली. एकूण दोनशेच्या पुढे. चार पायांत वाटलं तर एकेका पायावर पन्नास-पंचावन्न किलो, म्हणजे एक सडपातळ माणूस. चांगल्या लाकडाचा ४ सेंमी चौरस पाय उभ्या दाबाखाली याच्या कितीतरी पट झेलतो. ‘पाय जाड करा’ म्हणजे दुखतंय एकीकडे आणि मलम दुसरीकडे.

दुखतं ते आडव्या धक्क्याने. माझा पहिला स्टँड याच सल्ल्याबरहुकूम केलेला. पाय असे दणकट की त्यावर हत्ती उभा राहील असं मीच सगळ्यांना सांगत होतो. एकदा झाकण उचलताना कोपर लागलं आणि पाणी काचेवर डावीकडून उजवीकडे हेलकावे खाऊ लागलं. पाणी शांत झाल्यावर पायाला ओळंबा धरून पाहिला, तर वर आणि खाली चार मिलिमीटरचा फरक. गुण्या लावून जोडलेला काटकोन काटकोन राहिला नव्हता. फळी आणि पाय यांच्यामधले स्क्रू बिजागरीसारखे वागत होते.

आणि इथेच ‘वजन धरून ठेवतं’ हा दावा उलटा पडतो. पाय सरळ आहेत तोवर भार त्यांच्यातून खाली उतरतो. पाय जरा कलले की तोच भार त्यांना कललेल्या बाजूला आणखी रेटतो. टाकी जितकी जड, तितका हा रेटा मोठा. त्यात पाणी हेलकावत असतं, ते वेगळंच.

उपाय मात्र साधा आहे. चौकोनी चौकट कोपऱ्यात ढकलली की तिरपी होते, त्रिकोण होत नाही. चौकटीवर ठोकलेला प्लायही त्रिकोणासारखाच तिला तिरपं होऊ देत नाही. म्हणून मागच्या बाजूला पूर्ण प्लाय, चारही कडांना गोंद लावून आणि स्क्रू मारून. त्याने डावी-उजवी हालचाल थांबते. पुढे-मागे कलू नये म्हणून दोन्ही बाजूंनाही प्लाय किंवा निदान तिरपी पट्टी हवी. फिल्टरच्या नळ्यांसाठी भोक पाडलंत तर काही बिघडत नाही, फक्त अर्धी पाठ कापू नका.

‘स्क्रू भरपूर मारा’ हेही अर्धवट. फळीला खालून आधार देणारी पट्टी पायाच्या अंगाला नुसती स्क्रूवर टांगली तर सगळा भार त्या स्क्रूवर येतो. पट्टी पायाच्या डोक्यावर किंवा खाचेत बसवा, म्हणजे लाकूड लाकडावर टेकतं आणि स्क्रू फक्त सांधा धरून ठेवतो. लाकडाच्या टोकाकडून, रेषांच्या दिशेने मारलेला स्क्रू तर पकडही कमी घेतो. ही पट्टी उभी, म्हणजे अरुंद कडेवर ठेवा, हे कुणी सांगत नाही. ३ बाय ९ सेंमीची पट्टी आडवी टाकण्याऐवजी उभी ठेवली तर त्याच भाराखाली तिचं वाकणं नवव्या हिश्शावर येतं. लाकूड तेवढंच, खर्चही तेवढाच.

राहिला थर्माकोल. सपाट काचेच्या तळाच्या टाकीखाली तो कामाचा आहे. एखादा वाळूचा कण, फळीवरचा बारीक उंचवटा तो गिळून टाकतो. पण तळाला प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीचा भार चौकटीवर असतो, तळाची काच अधांतरी असते. तिथे थर्माकोल काचेला खालून दाबतो, म्हणून तिथे तो नकोच. आणि पीळ पडलेल्या फळीवर तो कुठल्याच टाकीला वाचवत नाही. एक कोपरा खाली गेला तर काच वाकत नाही, सांधा ताणला जातो. थर्माकोल घालण्याआधी रिकामी टाकी फळीवर ठेवा आणि कडेने कागद सरकवून बघा. कुठे सहज आत गेला तर फळी रंधून घ्या.

मग पाणी एक तृतीयांश भरा, पाणसळ लावा, रात्रभर थांबा आणि पुन्हा लावा. जमीनच उतरती निघाली तर टाकी रिकामी करा आणि पाचरी स्टँडच्या पायांखाली घाला. टाकी आणि फळीच्या मध्ये पाचर घालायची नाही.