"फोटो मारला का झालं" असं म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

लॅपटॉपवरच्या स्क्रीनशॉटबद्दल मी मागं जे लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच खडसावलं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी ती आधी थोडक्यात सांगते. तुम्ही गावात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देता. तुमचं पहिलं म्हणणं, "ताई, एवढ्याशा कामाले एवढा मोठा लेख काहून? मोबाइलनं लॅपटॉपचा फोटो मारला का झालं." दुसरं असं की एका पोरीच्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे तिच्या बाबांच्या खात्यातून कटले, पान गोल गोल फिरत राहिलं, तुम्ही घाईनं प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं आणि नंतर शोधलं तर काहीच सापडलं नाही. तिसरं, स्क्रीनशॉटला कोणी पुसत नाही, पावती असेल तरच बोला.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तिथं एका पोरीची फी अडकली आहे.

नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की विंडोज १० मध्ये डोळ्यांना काहीच दिसत नाही. आवाज नाही, पडदा हलत नाही. चित्र निघालेलं असतं, पण ते फाइल म्हणून कुठंही साठत नाही. ते क्लिपबोर्डवर जातं, म्हणजे कॉपी केलेला मजकूर पेस्ट होईपर्यंत जिथं थांबतो तिथं. क्लिपबोर्डचा इतिहास मुद्दाम चालू केला नसेल तर त्या जागेत एका वेळी एकच वस्तू राहते. तुमच्यासमोर रांग असते. पोरीचं काम झालं, पुढचा माणूस बसला, तुम्ही त्याचा आधार नंबर कॉपी केला, की त्याच क्षणी पोरीचं चित्र पुसलं गेलं. तुम्ही काही डिलीट केलेलं नसतं, तरी ते जातं. शिवाय आपल्याकडं लाइन कधी जाईल याचा नेम नाही, आणि दिवसभर चार्जरला लावून ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेलीच असते. लाइन गेली, लॅपटॉप बंद पडला, क्लिपबोर्ड रिकामा झाला. म्हणून नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं असेल तर लगेच पेंट किंवा वर्ड उघडून कंट्रोल आणि व्ही दाबायचं आणि सेव्ह करायचं. हे तिथल्या तिथं झालं नाही, तर ते चित्र गेलंच समजा.

आता यातली खरी गोम. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून हेच बटण बहुतेक लॅपटॉपवर वेगळं काम करतं. ते दाबलं की पडदा काळसर होतो आणि स्निपिंग टूल, म्हणजे पडद्याचा हवा तो भाग कापून घेणारं अॅप, उघडतं, मग माउसनं चौकट ओढावी लागते. चौकट न ओढता एस्केप दाबलं तर काहीच निघत नाही. ओढली तर चित्र आपोआप साठतं. म्हणजे बटण तेच, पण शेजारच्या गावातल्या तुमच्या मित्राच्या लॅपटॉपवर फाइल सापडते आणि तुमच्यावर सापडत नाही. लेख लांबला तो यासाठी. एका ओळीत "प्रिंट स्क्रीन दाबा" लिहिलं असतं, तर निम्म्या लोकांना ते लागू पडलं असतं आणि उरलेल्यांना आपलंच काही चुकतंय असं वाटलं असतं.

केंद्रावर बसणाऱ्यानं एकच जोडी पक्की करावी, विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन, दोन्ही एकदम. विंडोज १० असो की ११, पडदा क्षणभर मंद होतो आणि पूर्ववत होतो. तो मंद झालेला पाहिला की समजायचं, फाइल साठली. मंद झालाच नाही तर फाइल बहुधा नाही, पुन्हा दाबायचं. पुष्कळ लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीनला स्वतंत्र बटण नसतं, वरच्या रांगेत दुसऱ्या कुठल्या बटणावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथं एफएन हे बटणही सोबत दाबावं लागतं. लेनोव्होच्या थिंकपॅड लॅपटॉपवर ते खाली उजव्या ऑल्ट आणि कंट्रोलच्या मधोमध असतं. आणि काही लॅपटॉपवर ते नसतंच, तिथं एफएन, विंडोज आणि स्पेस बार ही तिन्ही एकदम दाबायची. एकदा आपल्या लॅपटॉपचं गणित कळलं की कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवून टाका.

फाइल कुठं जाते? पिक्चर्स फोल्डरच्या आत स्क्रीनशॉट्स नावाच्या फोल्डरमध्ये. विंडोज आणि ई दाबलं की डावीकडं पिक्चर्स दिसतं. इथवर सगळे पोचतात आणि तिथं फोल्डर रिकामा दिसला की हात टेकतात. अलीकडच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं, तर पिक्चर्स फोल्डर अनेकदा वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीशी जोडलेल्या फोल्डरमध्ये, हलवला जातो. मग नाव एकच असलेले दोन पिक्चर्स होतात, एक तुमच्या नावाच्या फोल्डरखाली, दुसरा वनड्राइव्हखाली. तुम्ही पहिल्यात शोधता, चित्र दुसऱ्यात असतं. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी आहे. ती भरली की नवीन फाइल इंटरनेटवर चढत नाही, लॅपटॉपवर मात्र राहते. त्यामुळं मोबाइलवरून वनड्राइव्ह उघडून "इथं नाही" म्हणणाऱ्यानं लॅपटॉपवरही बघावं.

आणखी एक जागा कोणाच्या ध्यानात येत नाही. विंडोज, ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन अशी तीन बटणं चुकून एकत्र दाबली गेली, तर ते गेम खेळणाऱ्यांसाठीच्या सोयीतलं चित्र निघतं. ते पिक्चर्समध्ये नसतंच, व्हिडिओज फोल्डरच्या आत कॅप्चर्स म्हणून फोल्डर असतो त्यात जातं. घाईत अंगठा ऑल्टवर टेकणं काही अवघड नाही.

आता मोबाइलच्या फोटोबद्दल. तुम्ही म्हणता तसा फोटो कधी काढावा? लॅपटॉप पूर्ण अडकला, कुठलंच बटण चालेना, आणि पडद्यावर काहीतरी महत्त्वाचं दिसतंय, अशा वेळी जरूर काढावा, मीही काढते. पण रोजच्या कामाला तो पुरत नाही. पडद्याचे ठिपके आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरचे ठिपके एकमेकांवर पडले की फोटोत लाटांसारखे पट्टे उमटतात, आणि नेमका नंबर त्या पट्ट्यात सापडतो. तीन की आठ, हे झूम करूनही कळत नाही. वर ट्यूबलाइटची चमक. व्हॉट्सअॅपवर पाठवला की तो आणखी दाबला जातो. आणि मग तो फोटो तुमच्या गॅलरीत जातो, कपाशीच्या बोंडाचे, भाचीच्या साखरपुड्याचे आणि खताच्या पोत्यांचे फोटो आहेत त्यांच्यात. चार महिन्यांनी तिचे बाबा "तो कागद दाखवा जी" म्हणत आले, तर त्यात कुठं हात घालणार?

लॅपटॉपवरच्या फाइलला नाव देता येतं. मला सगळ्यात जास्त सांगायचं ते हेच आहे. स्क्रीनशॉट काढल्यावर फोल्डर उघडा, फाइलवर एकदा क्लिक करा, एफ२ दाबा आणि नाव टाका. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, माणसाचं नाव, काम. वर्ष पुढं ठेवलं की नावाच्या क्रमानं लावल्यावर फाइली आपोआप तारखेनं लागतात. नाव दिलं नाही तर स्क्रीनशॉट, कंसात एक, कंसात दोन अशी नुसती रांग लागते. त्या रांगेतून एक चित्र हुडकायचं म्हणजे एकेक उघडून पाहायचं. खरिपाच्या पीक विम्याच्या दिवसांत, जेव्हा दारापर्यंत रांग असते, तेव्हा एफ२ला लागणारे काही सेकंद जड वाटतात, हे मला ठाऊक आहे. तरी करा. नंतर तास वाचतो.

पुराव्यासाठी काढायचं असेल तर पूर्ण पडदा घ्या. चौकट ओढून फक्त मधला भाग कापू नका. वरची पत्त्याची पट्टी दिसली पाहिजे, म्हणजे संकेतस्थळ कोणतं ते कळतं. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख आणि वेळही आली पाहिजे. काही गोष्टी ठरावीक मुदतीत कळवाव्या लागतात, जसं महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपाआधी पीक विम्यात स्थानिक आपत्तीनं झालेलं नुकसान ७२ तासांत कळवावं लागे. तिथं तुम्ही केव्हा कळवलं हाच मुद्दा असतो, आणि कापलेल्या चित्रात तोच नसतो. एखाद्याला "हे बटण कुठं आहे" एवढंच दाखवायचं असेल, तर विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून खुशाल कापा. मात्र विंडोज १० मध्ये असं कापलेलं चित्रही क्लिपबोर्डवरच जातं, कोपऱ्यात येणाऱ्या सूचनेवर क्लिक करून ते सेव्ह करावं लागतं.

तिसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं आहे. पावती मिळत असेल तर पावतीच घ्या. कंट्रोल आणि पी दाबून प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडा, फाइल साठवा. सातबाऱ्याचंही तेच. फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो, त्याचा स्क्रीनशॉट तर त्याहून कच्चा. काम असेल तर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा घ्यावा. कोर्टातही नुसत्या चित्रावर भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

पण भाऊ, पावती निघालीच नाही तेव्हा काय? पैसे कटले आणि पान अडकलं, नेमकं तेव्हाच पावती नसते. त्या वेळी पडद्यावर जो अर्ज क्रमांक दिसतो, तो पकडून ठेवणारं दुसरं काही तुमच्याजवळ नाही. स्क्रीनशॉट दाखवून कोणी पैसे देणार नाही. त्यातला नंबर सांगितला की मात्र तक्रार पुढं सरकते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयनं दुकानदाराला किंवा संस्थेला केलेल्या भरण्यात खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढं उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे पैसे मागायला बाबांना तारीख आणि नंबर सांगता आला पाहिजे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण केंद्रावरच्या लॅपटॉपबद्दल बोलतोय तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये अर्ध्या गावाचे आधार नंबर, पासबुकं, जातीचे दाखले, पोरींचे फोटो पडून असतात. तो लॅपटॉप तुमचा भाचाही वापरतो, दुरुस्तीवालाही उघडतो. काम झालं की फाइल ज्याची त्याला द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, अक्षरं फुटत नाहीत. मग आपल्याकडची काढून टाका, रिसायकल बिनसुद्धा रिकामी करा. विंडोज आणि व्ही दाबून क्लिपबोर्डचा इतिहास चालू केला असेल तर त्यात शेवटच्या २५ वस्तू राहतात, तोही संध्याकाळी साफ करा. आणि आधारची प्रत लागणार असेल तिथं पहिले ८ अंक झाकलेलं आधार चालतंय का ते आधी बघा.

ज्या फाइली ठेवायच्याच आहेत त्या सी ड्राइव्हवर ठेवू नका. लॅपटॉप मंद झाला की तालुक्याच्या दुकानात फॉरमॅट मारून देतात, आणि पिक्चर्स फोल्डर सीवरच असतो. डी ड्राइव्ह असेल तर स्क्रीनशॉट्स फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग लोकेशन, मग मूव्ह, आणि डीवरचा फोल्डर दाखवा. त्यानंतर निघणारं प्रत्येक चित्र तिथंच जाईल. डी नसेल तर आठवड्याला पेन ड्राइव्हवर उतरवा.

आता त्या पोरीचं. आधी वनड्राइव्हखालच्या पिक्चर्समध्ये बघा. मग व्हिडिओजमधल्या कॅप्चर्समध्ये. मग पूर्ण सी ड्राइव्ह उघडून वरच्या शोधाच्या चौकटीत इंग्रजीत स्क्रीनशॉट टाका आणि डेट मॉडिफाइडवर क्लिक करून त्या दिवसाच्या फाइली वर आणा. तुमचा लॅपटॉप विंडोज १० चा असेल आणि नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं असेल, तर ते सापडणार नाही, त्यावर आणखी वेळ घालवू नका. बाबांना मोबाइल घेऊन बोलवा, ज्या अॅपवरून पैसे भरले त्याचा व्यवहारांचा इतिहास उघडा. त्या दिवसाच्या नोंदीवर बोट ठेवलं की १२ अंकी यूपीआय क्रमांक दिसेल. तो वहीत उतरवा, मोबाइलवरच स्क्रीनशॉट घ्या, आणि त्याच अॅपमधून तक्रार टाका. परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपलेली नसेल तर आधी अर्जाची स्थिती तपासा. फी जमा झालेली दिसत असेल तर पुन्हा भरू नका. काय निघालं ते इथंच खाली लिहा, पुढचं आपण मिळून बघू.