बोडियमचा किल्ला आणि चालते इंजिन

गेल्या शनिवारी बाबांना घेऊन इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या टेंटरडेनला गेले होते. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले, आणि नोकरीची पहिली वर्षे त्यांनी बॉयलरवर काम केले. टेंटरडेनहून बोडियमपर्यंत साडेदहा मैल अजूनही वाफेची गाडी जाते आणि तिथे 1385 सालचा किल्ला आहे, एवढे सांगितल्यावर ते सकाळी सहालाच तयार होऊन बसले.

हा लोहमार्ग 1900 साली सुरू झाला. 1954 मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, 1961 मध्ये मालगाड्याही बंद झाल्या. पुढे स्वयंसेवकांनी तो हाती घेतला आणि 1974 साली टेंटरडेनजवळच्या छोट्या टप्प्यावर पुन्हा गाडी धावू लागली. बोडियमपर्यंत पोहोचायला मात्र 2000 साल उजाडले. दहा मैलांसाठी सव्वीस वर्षे, तीही बहुतांशी सुट्टीच्या दिवसांतल्या बिनपगारी श्रमांतून.

फलाटावर विशीतली एक मुलगी हातात तेलाची झारी घेऊन इंजिनाच्या दांड्यांच्या सांध्यांना तेल घालत होती. ती फायरमनचे, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालायचे काम शिकते आहे हे कळल्यावर बाबा माझ्यामार्फत तिच्याशी बोलू लागले. बॉयलरच्या आतल्या पत्र्यांना धरून ठेवणारे स्टे तपासताना हातोडीने एकेक ठोकायचा. शाबूत असेल तर खणखणीत वाजतो, तुटला असेल तर बद्द आवाज येतो. बाबांनी बोटांच्या पेरांनी बाकावर ठोकून तो फरक दाखवला. तिने लगेच मान डोलावली, कारण तिलाही हेच शिकवले होते.

रॉदर नदीच्या सखल कुरणांतून गाडी बोडियमला पोहोचते तेव्हा झाडांपलीकडे किल्ला दिसतो: चौरस, चारही कोपऱ्यांवर गोल बुरूज, सभोवती रुंद खंदक. फ्रान्समधल्या लढायांत पैसा मिळवून परतलेल्या सर एडवर्ड डॅलिंग्रिज यांनी राजा दुसऱ्या रिचर्डच्या परवानगीने तो बांधला. दरवाजात वर उचललेली लोखंडी पट्ट्यांची लाकडी जाळी अजून आहे. आत मात्र छप्पर नाही, मजले नाहीत. भिंतीत उंचावर चुलाण्यांचे कोनाडे अधांतरी दिसतात, कारण त्यांच्यासमोरची जमीनच गेली आहे.

1917 साली हा किल्ला लॉर्ड कर्झन यांनी विकत घेतला. होय, बंगालची फाळणी करणारे तेच व्हाइसरॉय. त्या फाळणीबद्दल माझ्या मनात त्यांना क्षमा नाही. पण भारतात 1904 चा प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला, आणि इथेही त्यांनी खंदक उपसून, भिंती सावरून, भग्न भाग भग्नच ठेवला. मृत्युपत्राने हा किल्ला त्यांनी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिला. आपल्या किल्ल्यांवर तटबंदी नवीकोरी दिसावी म्हणून सिमेंट ओतण्याचा जो उत्साह दिसतो, तो मला म्हणूनच सहन होत नाही. पडलेला दगड कोणत्या काळी, कसा पडला, हाही त्या वास्तूचाच पुरावा असतो, आणि एकदा लिंपला की तो कायमचा जातो.

इंजिनाचे नेमके उलट आहे. ते जपायचे म्हणजे चालवायचे. झिजलेला भाग बदलायचा, साधारण दहा वर्षांनी बॉयलर पुरता उतरवून दुरुस्त करायचा. दार्जिलिंग आणि निलगिरीला आपल्याकडेही वाफेच्या गाड्या चालतात, याचा मला अभिमान आहे. परंतु कितीतरी स्थानकांबाहेर चौथऱ्यावर रंग फासून उभ्या केलेल्या इंजिनांच्या पोटात काय आहे, हे सांगू शकणारे बाबांच्या पिढीचे कारागीर आता सत्तरीला आले आहेत. त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी पाठवलेच नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

परतीच्या वाटेवर टेंटरडेनच्या अलीकडे पन्नास फुटांमागे एक फूट असा खडा चढ लागतो. इंजिन धापा टाकू लागले, धुराचे लोट खिडकीवरून गेले. मी काच वर ओढायला उठले, तर बाबांनी माझा हात धरला. डोळे मिटून ते वाफेचे ठोके मोजत होते.