सिग्नल नाही

अ‍ॅनालॉग टीव्ही दिलदार होता. सिग्नल कमी पडला तर मुंग्या यायच्या, बातम्या देणाऱ्या बाईंना सावल्या फुटायच्या, पण बातम्या कळायच्या. डिजिटलला हा समंजसपणा ठाऊक नाही. चित्र एकतर लखलखीत, नाहीतर चौकोनी तुकडे, आणि मग काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’.

आमचे गेले ते चार चॅनल, तेही एकदम. हा खरं तर पुरावाच. हवेतून येणाऱ्या एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनल दाटीवाटीने बसलेले असतात. ती हुकली की अख्खा बाक रिकामा. पण पुराव्याकडे बघायला घरात वेळ कुणाला?

“अरे, पुन्हा स्कॅन कर ना,” बायको म्हणाली. स्कॅन म्हणजे शाळेतली हजेरी: त्या क्षणी जो गैरहजर, त्याचं नाव पटावरून गायब. काठावर पास होणारा पाचवा चॅनलही असा गेला.

मग संशय अँटेनावर. खोक्यावर ‘सर्व चॅनल’ असं ठसठशीत छापलेलं. आता टीव्हीच्या लहरी दोन पट्ट्यांतल्या: खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लांब त्या व्हीएचएफ, वरच्या फ्रिक्वेन्सीच्या आखूड त्या यूएचएफ. 200 मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ लहरीची लांबी दीड मीटर. तिला साधा अर्ध्या लहरीचा अँटेना पाऊण मीटरचा लागतो. आमचा वहीएवढा. यूएचएफच्या आखूड लहरींना तो चालतो, व्हीएचएफला मात्र तो फारसा दाद देत नाही. आणि हरवलेले चारही व्हीएचएफवरचे.

आजोबांनी अँटेना खिडकीत धरला की चित्र यायचं, हात काढला की जायचं. “आजोबा, हलू नका!” नातवंडं ओरडायची. आजोबा शिंकले की नायिकेचं तोंड कपाळावर. स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी दिवा लावला तरी तेच. त्याच्या विद्युत गोंगाटाचा त्रास व्हीएचएफलाच जास्त. काही दिवस आम्ही मालिका बघितली आणि पोळ्या अंधारात लाटल्या.

शेजारच्या काकांनी अ‍ॅम्प्लिफायर आणून दिला. तो सिग्नलबरोबर गोंगाटही तितक्याच निष्ठेने मोठा करतो. त्यात जवळच्या मनोऱ्याचा सिग्नल आधीच दणकट, त्यामुळे टीव्हीतला चॅनल पकडणारा ट्यूनर गुदमरला आणि उरलेलेही चॅनल अडखळू लागले. काका म्हणाले, “आता निदान सगळ्यांना सारखा न्याय आहे.”

दोन टीव्हींसाठी लावलेला स्प्लिटरही काढून पाहिला. वाटणीत प्रत्येकाला निम्म्याहून थोडं कमीच येतं, उरलेलं वाटपातच जिरतं. हे टीव्हीपुरतंच खरं आहे असं नाही, पण तो विषय आमच्या घरात काढत नाहीत.

चोर सापडला केबलच्या टोकाशी. कनेक्टर उघडला, तर मधली तांब्याची तार आत तुटलेली, केसभर फट. वरच्या फ्रिक्वेन्सी अशी फट ओलांडून जातात, खालच्या अडखळतात. केबल सोलून नवा कनेक्टर लावला, स्कॅन केलं, पाचही चॅनल हजर. त्यातल्या एकावर दिवसभर न चिकटणारे तवे विकतात.

“आजोबा, सोडा आता अँटेना.”

“राहू दे,” ते म्हणाले, “इथून रस्ता छान दिसतो.”