‘टेन्शनर माथी मारला’ या रिव्ह्यूला आमच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना मुलीनं मोबाईलवर दाखवला. दोन तारे. तुम्ही लिहिलंय की गिअरची एमटीबी (डोंगरात चालवायची सायकल) सिंगल स्पीड, म्हणजे एकाच गिअरची, करायच्या एका दिवसाच्या कामाला आम्ही तीन आठवडे लावले, गरज नसलेला चेन टेन्शनर (सैल चेन ताणून धरणारा छोटा भाग) माथी मारून बिल फुगवलं, सायकल घरी नेल्यावर चेन वाजत होती, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर ती तीन वेळा उतरली आणि मी तुमच्याशी आवाज चढवून बोललो.

आधी माफी मागतो. आवाज चढला होता, खरं आहे. जूनचे दिवस होते, शाळेच्या पोरांच्या सायकली दारापर्यंत लागल्या होत्या, पण ते कारण सांगून उपयोग नाही. गिऱ्हाईकाशी तसं बोलायचं नसतं. चेन वाजत होती तीही आमचीच चूक. मागचा कॉग (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) पुढच्या चेनरिंगच्या (पायडलपाशच्या दातेरी चक्राच्या) रेषेत हवा, तो दोन मिलिमीटर आत बसला होता. दुकानातल्या पोरानं बसवला, मी नुसत्या नजरेनं बघितला, पट्टी लावली नाही. तुम्ही सायकल परत आणलीत त्याच दिवशी उद्यमनगरातल्या टर्नरकडून ॲल्युमिनियमची चकती काढून आणली, कॉगमागं घातली आणि रेष सरळ केली. त्याचे पैसे लावले नाहीत. तरी तुमचा हेलपाटा झाला, त्याबद्दल माफ करा.

पण ‘माथी मारला’ हे वाचून रात्रभर झोप लागली नाही. वडिलांचं कोल्हापुरात गंगावेशीत तासावर सायकली भाड्यानं द्यायचं दुकान होतं. एक पंक्चर असताना दोन सांगितली, असं त्यांच्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. मीही त्याच हातांखाली शिकलो. त्यामुळं टेन्शनरचं मला सविस्तर सांगावंच लागेल. लांबेल, पण वाचा.

तुम्ही लिहिलंय, ‘आजोबांच्या सायकलला एकच गिअर होता, तिला कुठं होता टेन्शनर?’ बरोबर आहे, नव्हता. पण आजोबांच्या सायकलची मागची खाच कधी बघितलीत का? जिथं चाकाचा एक्सल बसतो ती खाच मागच्या बाजूला उघडी असते, आडवी. चेन सैल झाली की दोन्ही नट ढिले करायचे, चाक मागं ओढायचं, नट आवळायचे. झाली चेन ताठ. सिंगल स्पीडसाठीच बनवलेल्या एमटीबी फ्रेमलाही अशीच काहीतरी सोय असते. कुठं आडवी खाच, कुठं पुढंमागं सरकणारे ड्रॉपआऊट (एक्सल धरणारे फ्रेमचे तुकडे), कुठं क्रँकचा (पायडलच्या दांड्याचा) आस बसतो ती बीबीच फिरवून क्रँक पुढंमागं करता येतो.

तुम्ही आणलेली फ्रेम गिअरच्या सायकलची. तिची खाच उभी आहे, तोंड खाली. चाक वर सरकवलं की जागेवर जाऊन बसतं, तिथून पुढं नाही की मागं नाही. कडी काढून चेन ताठ करू म्हणाल, तर चेनच्या एका कडीची लांबी अर्धा इंच, आणि आतली-बाहेरची अशी जोडी मिळूनच चेन जुळते. म्हणजे कमी केली तर एक इंच, वाढवली तरी एक इंच. आमच्या हिशेबात चेन कधी अर्धा इंच जास्त भरायची तर कधी पाऊण इंच कमी. गिअरच्या सायकलला हा ढिलेपणा डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) स्प्रिंगचा हात ओढून घेतो. आपण तुमचं डिरेलर काढलं. मग ते काम दुसऱ्या कुणीतरी करायला नको का? ते करतो टेन्शनर. म्हणून तो लावला.

तुम्हाला तो नको होता, सायकल साफसुथरी दिसायला हवी होती, तेही मला कळत होतं. म्हणून टेन्शनरशिवाय जमतंय का हे आधी करून बघितलं, हे तुम्हाला माहीतच नाही. एका रात्री दुकान बंद केल्यावर तुमची फ्रेम स्टँडला लावून दीड तास बसलो. मागच्या कॉगचा एक दात कमीजास्त केला की एक्सल साधारण तीन मिलिमीटर हलवल्याइतका फरक पडतो. पुढच्या 32 दातांना मागं 18 लावले तर चेन लोंबत होती. 20 लावले तर जुळतच नव्हती. अर्धी कडी म्हणून एकटीच जोडता येणारी वेगळी कडी मिळते, तीही घालून बघितली. 17 लावले तेव्हा चेन जवळजवळ ताठ बसली. याला सायकलवाले मॅजिक गिअर म्हणतात. पण मागं दात कमी तितकं पायडल जड, आणि 17 दातांवर पन्हाळ्याचा चढ चढायचा तुमचा विचार नव्हता. शिवाय आज ताठ बसलेली चेन काहीशे किलोमीटरमध्ये पिनांपाशी झिजते आणि लांबते. तेव्हा ओढून घ्यायला जागा कुठं? पुन्हा लोंबणारच. दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोनवर सांगितलं की टेन्शनर लागेल, 850 रुपये. तुम्ही ‘बघा’ म्हणालात. मी तो होकार समजलो. लेखी घ्यायला हवं होतं, घेतलं नाही.

आता जे लिहिताना हात अडखळतोय ते लिहितो. रिव्ह्यूसोबत तुम्ही पठारावरचा फोटो टाकलाय. तांबडा चिखल, मागं ढग, सायकल दगडाला टेकवलेली. छान फोटो आहे. तो मी बोटांनी मोठा करून बघितला. मागच्या खाचेखाली टेन्शनर नाही. जिथं तो बसवला होता तिथलं आट्यांचं भोक रिकामं आहे आणि त्यात चिखल भरलाय. खालच्या बाजूची चेन पोट सुटल्यासारखी खाली आलीय. आम्ही सायकल दिली तेव्हा टेन्शनर होता, आमच्याकडं त्याचा फोटो आहे, चकती बसवून दिली तेव्हाही होता. म्हणजे तो तुम्ही काढलात. सायकल तुमची, तुम्ही काय काढायचं ते तुम्ही ठरवा. पण टेन्शनर काढल्यावर, उभ्या खाचेच्या फ्रेमवर, दगडाधोंड्यांतून चेन तीन वेळा उतरली, आणि ती आमच्या जोडणीच्या नावावर गेली. हे मला सहन होईना.

मी तुम्हाला खोटं ठरवायला हे लिहीत नाही. तुम्हाला वाटलं असेल की एवढासा तुकडा काढला तर काय होतंय. पण चढताना वरची चेन ताठ असते आणि सगळा ढिलेपणा खाली येतो. पुढं खडबडीत उतार आला, पायडल मारायचं थांबलात, की ती खालची चेन उसळते आणि दातावरून निसटते. हे अशी सैल चेन असलेल्या कुठल्याही सायकलला होईल, कुणीही जोडलेली असली तरी.

तीन आठवड्यांचं थोडक्यात सांगतो. फ्रेम आमच्याकडं 21 दिवस होती हे खरं. पण त्यातले दहा दिवस मागं किती दातांचा कॉग घालायचा हे ठरायलाच गेले. आधी तुम्ही 16 म्हणालात, कारण पुढं 32 मागं 16 असा नियम वाचला होता. तो नियम 26 इंची चाकांच्या काळातला. तुमचं चाक 29 चं. त्यावर 32-16 म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल साडेचार मीटरच्या पुढं जाते. रंकाळ्याभोवती सपाटीवर मजा येईल, पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळाच्या पुढं चढाला गुडघे बोलायला लागतील. मी 20 सांगितला होता, त्यात एका फेऱ्याला पावणेचार मीटरच्या आत बसतं. तुम्ही 20 ला हो म्हणालात, तो मागवला, मग मित्रांशी बोलून 18 वर आलात. 18 म्हणजे जुन्या 26 इंची 32-16 सारखाच लागतो, वाईट नाही, म्हणून मी वाद घातला नाही. पण तो 18 चा पुण्याहून यायला आठवडा गेला. मी बुडाशी रुंद असलेला पोलादी कॉगच मागवला. पातळ पत्र्याचा स्वस्त मिळतो, पण सगळा जोर एकाच कॉगवर येतो आणि तुमच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) बॉडी ॲल्युमिनियमची आहे, पातळ कॉग तिच्यात रुतून बसतो. पुढं तो निघता निघत नाही. स्वस्तातला लावून दिला असता तर दात ठरल्यावर तुम्हाला तीन दिवसांत सायकल मिळाली असती आणि वर्षभरात हब गेला असता.

पुढचं चेनरिंगही त्याचसाठी बदललं. गिअरच्या चेनरिंगचे काही दात मुद्दाम आखूड आणि तिरके कापलेले असतात, कारण चेन त्यांच्यावरून सहज सरकावी लागते. आपल्याला नेमकं उलटं हवं होतं, चेन धरून ठेवणारे पूर्ण उंचीचे दात. तुमचं जुनं डिरेलर, शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा भाग), कॅसेट (मागच्या कॉगांचा गठ्ठा) आणि काढलेली चेनरिंगं पिशवीत घालून सायकलबरोबर दिली. आम्हाला फुगवाफुगवी करायची असती तर ते सामान परत कशाला दिलं असतं, एवढंच विचारतो.

एक सांगतो, तुमची कल्पना मला पहिल्या दिवसापासून आवडली होती. पावसाळ्यात पठारावरचा चिखल डिरेलरमध्ये बसला की गिअरच्या सायकली तिथंच उभ्या राहतात, एकाच गिअरची चालत राहते. म्हणूनच एवढा वेळ घातला.

आमचं दुकान लहान आहे. आता नवीन माणूस दुकानात पाय ठेवायच्या आधी मोबाईलवर तारे बघतो. आज सकाळी कॉलेजच्या एका मुलाचा फोन आला, त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुम्ही नको ते पार्ट लावता का हो?’ त्याला काय उत्तर द्यायचं ते मला पटकन सुचलं नाही. तुम्हाला जे वाटलं ते तुम्ही लिहिलंत, तो तुमचा हक्क आहे. फक्त टेन्शनर काढला होता एवढी एक ओळ रिव्ह्यूत घातलीत तर बरं वाटेल. तारे दोनच राहिले तरी चालतील.

इथून पुढं कुठला पार्ट का लावतोय ते आणि कामाची तारीख कागदावर लिहून द्यायचं ठरवलंय, जमेल तसं सुरू करतोय. गर्दीच्या दिवसांत मी काउंटरवर जरा कमी बसेन, मुलगी बसेल.

टेन्शनर घेऊन सायकल आणा. बोल्ट हरवला असला तरी हरकत नाही, माझ्याकडं आहे. बसवून देतो, चेन नीट ताणून देतो, पैसे घेणार नाही. टेन्शनर नकोच असेल तर परत द्या, 850 रुपये परत देतो, पण मग त्या फ्रेमवर चेन राहील असं मी सांगू शकणार नाही. तुम्ही मागवलेला 20 चा कॉग अजून ड्रॉवरमध्ये आहे, पाकिटावर तुमचं नाव आहे. मसाईला पुन्हा जायच्या आधी तोही लावून बघायचा असेल तर सांगा. सोमवारी दुकान बंद असतं.