जावईबापू, आधी चाकं बघा!

नाशकात बॅग विकत घेणं सोपं नाही. सातपूर, सिन्नर, गोंदे या पट्ट्यात बॅगांचे कारखाने. त्यामुळे दर दोन-चार घरांमागे एक तरी माणूस असा निघतो, ज्याची उभी हयात बॅगांना चाकं बसवण्यात गेली आणि ज्याला आता रिटायर झाल्यामुळे वेळच वेळ आहे. आमच्याकडे हे पद बायकोच्या मामांकडे आहे.

कामासाठी माझं सारखं दिल्ली-बंगळूर चालू असतं. एक छोटी केबिन बॅग घ्यायचीय, इतकंच मी जेवताना म्हणालो. बायको मामीशी बोलली आणि रविवारी सकाळी मामा खिशात टेप घालून दारात हजर. "जावईबापू, ऑनलाइन नाही ना मागवलीत?" त्या सुरात इतकी काळजी होती की कार्टमधली बॅग मी तिथल्या तिथे काढून टाकली.

आपल्याकडच्या बहुतेक विमानांत केबिन बॅगेची हद्द साधारण 55 बाय 35 बाय 25 सेंटिमीटर आणि वजन 7 किलो. मापं चाकं आणि हँडल धरून. दुकानातल्या लेबलावरचा आकडा मात्र कधीकधी नुसत्या खोक्याचा असतो, चाकं हिशेबातच नसतात. मामा प्रत्येक बॅगेला टेप लावून "साडेसत्तावन्न!" असं पुकारत आणि शेजारचं गिऱ्हाईक हातातली बॅग हळूच खाली ठेवी.

वजनाचं गणित त्याहून क्रूर. कडक कवचाची रिकामी बॅगच अडीच-तीन किलोंची. उरलेल्या चारात कपडे, बूट, चार्जरचं भेंडोळं आणि चिवडा. चिवडा सक्तीचा. दिल्लीच्या ऑफिसात माझ्या प्रेझेंटेशनची वाट कोणीही पाहत नाही. चिवड्याला वजन नाही, पण तो जागा खातो. फेब्रुवारीत द्राक्षं सुरू झाली की उलटं, जागा उरते आणि काटा बोंबलतो. चाकं आणि ओढायची दांडी असलेली ही उभी बॅग 1987 मध्ये रॉबर्ट प्लॅथ नावाच्या अमेरिकन वैमानिकाने काढली. वैमानिकाने! गेटवर ज्याची बॅग कोणी काट्यावर ठेवत नाही, त्याने.

"एबीएस प्लास्टिक नको, आपटलं की तडकतं. पॉलिकार्बोनेट चांगलं, पण पैसे मोजा. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन घ्या, दबेल पण फुटणार नाही." मामा अंगठ्याने कवच दाबून बघत होते. फॅमिली डॉक्टर पोट दाबतो तसं, मध्येच "हं" करत. प्रत्येक "हं"ला दुकानदाराचा चेहरा उतरत होता. त्याने मग हुकमाचं पान काढलं, नंबरलॉक. "साहेब, सेफ्टीला टॉप आहे."

मामांनी त्याच्याच खिशातलं बॉलपेन मागून घेतलं. कुलूप लावलेल्या बॅगेच्या चेनवर पेनाचं टोक टेकवलं आणि दाबलं. टर्रकन चेन उसवली. आत हात घालून त्यांनी सिलिका जेलची पुडी बाहेर काढून काउंटरवर ठेवली, कुलपासकट दोन्ही रनर एकदा इकडून तिकडे फिरवले आणि चेन पुन्हा जशीच्या तशी. कुलूप बंदच. दुकानात शांतता. दुकानदाराने पेन परत घेऊन टोपण घट्ट लावलं, जणू पुन्हा कोणी मागू नये.

खरी लढाई चाकांवरून झाली. बायकोला चार चाकांची हवी होती, बोटाने ढकलली तरी चालते. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर हे खरंच आहे. पण माझा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. मुंबईहून विमान असलं की आधी बस. कसारा घाटात चारचाकी बॅग सीटखालून सुटते, ड्रायव्हरला भेटून येते आणि येताना कोणाची तरी चप्पल घेऊन येते. आमच्या कॉलनीतल्या पेव्हर ब्लॉकवर तर तिची चारही चाकं चार दिशांना तोंडं करतात. दोन चाकांची बॅग ओढावी लागते, मनगट दुखतं, पण खड्ड्यातून निमूट येते आणि उतारावर सोडली तर उभी राहते. शिवाय तिची चाकं कोपऱ्यात निम्मी आत दडलेली असतात, म्हणजे मापात खोक्याला थोडी जास्त उंची मिळते. मी दोन चाकांच्या बाजूने बोललो. बायको "घ्या तुमची बैलगाडी" म्हणाली. लेकीला पिवळी हवी होती. दोन चाकांत फक्त काळी होती, त्यामुळे रंगाचा वाद आपोआप मिटला.

मामांनी दांडी वीसेक वेळा खटॅक-खटॅक वर-खाली केली, तळाची रिव्हेट मोजली, दोनशे रुपये कमी करून घेतले आणि पावतीवर दुकानाचा शिक्का आहे ना, ते बघितलं.

पहिल्याच फेरीला गेटवर घोषणा झाली, विमान भरलेलं आहे, वरच्या कप्प्यांत जागा नाही, मागच्या प्रवाशांच्या केबिन बॅगा खाली सामानात जातील. मी मागेच होतो. सेंटिमीटरला सेंटिमीटर जुळवून घेतलेल्या त्या बॅगेला कर्मचाऱ्याने टॅग गुंडाळला आणि विचारलं, "पॉवरबँक आहे आत?" होती. लिथियमची बॅटरी खालच्या सामानात चालत नाही, प्रवाशाबरोबर वरच न्यावी लागते. ती अर्थात तळाशी. मग एरोब्रिजच्या तोंडाशी उकिडवा बसून मी बॅग उघडली. शर्ट गुडघ्यावर, बूट काखेत आणि चिवड्याचं पाकीट दातांत.

रांगेतल्या एका काकूंनी वाकून पाहिलं. "नाशिकचा का?" मी मान हलवली. "तिखट की साधा?"