निंदणाऱ्या बायांना शेतीशाळेत कोण बोलावतं?

परवा टपरीवर वाद पेटला तो केना नावाच्या तणावरून. बापूच्या सोयाबीनला सव्वा महिना झाला. तणनाशक मारलं, बाकीचं गवत मेलं, आणि केन्याला मोकळं रान मिळालं. आता पिकाच्या सगळ्या तासांत, म्हणजे ओळींत, तोच पसरलाय.

"शेठ, तुझ्या औषधातच खोट हाय," बापू येता येताच बोलला.

शेठचं कृषी केंद्र आहे. तो चिडला नाही, एकेक विचारत गेला. फवारलं कधी? पावसानं उघडीप दिली नाही, म्हणून अठ्ठाविसाव्या दिवशी. नोझल कोणतं? किडीच्या औषधाचं होतं तेच. एकरी पंप किती? वीस लिटरचे पाच.

"मग केन्यानं कायले मरावं?" शेठ म्हणाला. "हे इमॅझेथापायर तणनाशक, तण दोन-चार पानांवर असताना मारायचं. एकरी ४०० मिली औषध अन् २०० लिटर पाणी. तू निम्म्या पाण्यात उरकलं. वरून गोल फवाऱ्याचं नोझल. तणनाशकाले पट्टा पाडणारं फ्लॅट फॅन लागते."

"हे बाटली देताना काऊन नाही सांगितलं?"

"त्या दिवशी दुकानात पाय ठेवायले जागा नव्हती, बापू."

दोघंही खरं बोलत होते. सोयाबीनमध्ये तणाचा खरा मार पहिल्या सहा आठवड्यांत बसतो. नेमके तेच दिवस दुकानात गर्दीचे आणि शेतात घाईचे. त्या घाईत शेतकऱ्याला सल्ला मिळतो तो काउंटरवरच्या दोन वाक्यांचा. शेठने विक्रेत्यांसाठीचा वर्षभराचा डिप्लोमा केलाय, त्याला माहिती आहे. तरी विकणाऱ्यानेच शिकवायचं ही रचना मला पटत नाही. त्याचा गल्ला बाटलीवर चालतो. "यंदा औषध नको, बैलांचा डवरा मारून तण काढ" हे त्याने कोणत्या पोटाने सांगायचं?

मास्तरांचा भाचा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकून आलाय. विद्यापीठ काही करत नाही असं कोणी म्हटलेलं त्याला सहन होत नाही. तणांवरचा देशपातळीचा समन्वित प्रकल्प १९७८ पासून चालू आहे, जबलपूरला १९८९ पासून तणांसाठी वेगळी संस्था आहे, संशोधन कमी नाही, असं तो म्हणाला.

"संशोधन आहे रे, पण बापूच्या तासात कुठे आहे?" मास्तर म्हणाले.

त्यावर पोराने हरियाणातली गोष्ट सांगितली, आणि ती ऐकण्यासारखी होती. तिकडे गव्हात गुल्ली-डंडा नावाचं तण येतं, कोवळं असताना हुबेहूब गव्हासारखं. भात-गहू, भात-गहू हीच फेरपालट आणि वर्षानुवर्षं एकच तणनाशक, आयसोप्रोट्युरॉन. नव्वदीच्या सुरुवातीला त्या तणावर ते चालेनासं झालं. शेतकऱ्यांना वाटलं औषध बनावट आहे, म्हणून मात्रा वाढवत गेले. हिस्सारच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनी तपासलं तेव्हा कळलं की औषधात खोट नाही, तणच सरावलंय. मग त्यांनी शेतकऱ्यांच्याच रानात नवी औषधं आणि बिननांगरटीची गव्हाची पेरणी करून दाखवली. पुढे त्यातल्या काही नव्या औषधांनाही तण दाद देईना.

"म्हणजे आपणही दरसाल सोयाबीनवर तेच मारत राहिलो तर..." बापू थांबला.

"हो मामा. म्हणून औषध बदलायचं, अन् नुसत्या औषधावर विसंबायचं नाही. पहिल्या पावसावर तण उगवू द्यायचं, वखराची हलकी पाळी द्यायची, मग पेरायचं."

"अन् पेरणी आठ दिवस मागं गेली तर? पाऊस तुझ्या विद्यापीठाले विचारून येते का?"

पोराजवळ उत्तर नव्हतं. बापूचा हा आक्षेप हटवादीपणा नव्हे. मजूर मिळत नाही, पाऊस भरवशाचा नाही, म्हणून माणूस सोपी वाट शोधतो. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं, तेही याच अडचणीतून. त्यांना चोर म्हणून मोकळं होणाऱ्यांनी एक दिवस वाकून निंदून पाहावं.

एवढ्यात मावशी आल्या. निंदणाच्या बायांची टोळी त्याच नेतात. बापूने त्यांनाच विचारलं, केन्याचं काय करू.

"उपटून धुऱ्यावर नको टाकू, कांडीकांडीले मुळ्या फुटतात. टोपल्यात भरून बाहेर ने. अन् खुडू नको, मुळासकट काढ. मातीच्या आतही बी धरते त्याले."

भाचा उठून उभाच राहिला. "बरोबर आहे! केन्याला जमिनीखाली फुलं येतात, न उमलताच बी धरतात. मावशी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगते? तीस वर्षं खुरप्यानं तेच तर उकरतो."

कृषी खात्याच्या शेतीशाळेला कधी बोलावलं का, असं मी विचारलं. "सातबारा ज्याच्या नावावर, बोलावणं त्याले," त्या म्हणाल्या.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. कुंजरू, माठ, केना, दुधी, कोणतं तण कोणत्या चिखलात आधी येतं, कोणतं यंदा वाढलंय, हे तालुक्यात सगळ्यात आधी या बायांना कळतं. फवारल्यावरही एखादं तण वाचू लागलं तर पहिली शंका त्यांनाच येईल. आणि शिकवायच्या यादीत त्या नाहीत, विचारायच्या यादीतही नाहीत. ज्याच्या नावावर जमीन आहे, त्याने कित्येक वर्षांत खुरपं धरलेलं नसतं.

पुढे मावशी जे बोलल्या त्यावर टपरी गप्प झाली. "तुमची फवारणी नीट झाली का आमचे निंदणाचे दिवस गेले. मंग आम्ही कायले शिकवावं तुम्हाले?"

भाचा म्हणाला, फवारल्यावर वाचलेलं तण बी धरायच्या आत हातानेच काढावं लागतं, ते काम राहीलच. मावशींनी मान हलवली, "ते दोन दिवसाचं काम, बाबू." मास्तर काही बोलायला गेले आणि थांबले. तणनाशकाच्या प्रयोगात खर्च-नफ्याचा तक्ता असतो. गेलेली मजुरी त्यात बचत म्हणून मांडली जाते. ज्या घरात ती यायची, तिथला तक्ता कोणी मांडायचा?

उठता उठता शेठने एक काम पत्करलं. तणनाशकाच्या प्रत्येक बाटलीसोबत नोझलचं विचारायचं, आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवायला सांगायचं. टू-फोर-डी हे तणनाशक मारलेल्या पंपाने कपाशी फवारली, तर पानं भेंडीसारखी चिरतात. दरसाल असं शेत दिसतंच. भाच्याने बापूच्या धुऱ्याजवळच्या चार तासांत करून दाखवायचं कबूल केलं: दोन तासांत नुसतं औषध, दोन तासांत डवरा आणि निंदण. हे पुढच्या हंगामात, योग्य दिवशी, योग्य नोझलने. मावशींच्या टोळीने सोबत फिरून कुठे काय वाचलं ते सांगायचं.

"येतो," मावशी म्हणाल्या, "पण त्या दिवसाची मजुरी कोण देते ते आधी ठरवा."

बापू म्हणाला विद्यापीठाने द्यावी, भाचा म्हणाला त्यासाठी खर्चाचं शीर्षच नाही, शेठ म्हणाला कंपनीकडे विचारतो. कंपनीचं नाव काढताच मास्तर भडकले, आणि दुसरा वाद सुरू झाला.