अशोकाचे 'नऊ अज्ञात पुरुष' : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळीत उत्तर देऊन विषय संपवावा असं वाटलं नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, कलिंगच्या युद्धानंतर सम्राट अशोकाने नऊ विद्वानांची गुप्त मंडळी नेमली, एकेकाकडे एकेका विद्येचा ग्रंथ दिला आणि ती परंपरा आजही छुपेपणाने चालू आहे, ही गोष्ट खरी नाही असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की गुप्त संघटनेचा पुरावा मागणंच चूक, पुरावा मिळाला तर ती गुप्त कसली. शिवाय आपलं कितीतरी ज्ञान हरवलंय हे तर सगळ्यांनाच मान्य आहे. आणि शेवटी, मी परक्यांच्या चष्म्यातून आपला इतिहास बघते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते कारण तो मला लागला. ही नऊ जणांची गोष्ट आपली आहे असं तुम्ही धरून चाललाय. पण महावंस, दीपवंस, अशोकावदान या अशोकाबद्दलच्या जुन्या ग्रंथांत हे नऊ पुरुष कुठेच नाहीत. गोष्ट गाजली ती टॅलबट मंडी या इंग्रज कादंबरीकाराच्या १९२३ सालच्या 'द नाइन अननोन' मुळे, आणि मग १९६० साली पोवेल आणि बर्जिए या दोघांनी फ्रेंचमध्ये जे पुस्तक लिहिलं त्यातून ती 'इतिहास' म्हणून जगभर फिरली. त्याच्याही आधी, १८७९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटी या गूढवादी संस्थेच्या संस्थापिका मादाम ब्लावाट्स्की मुंबईत येऊन उतरल्या तेव्हा हिमालयापलीकडचे गुप्त महात्मे ही कल्पना त्यांच्यासोबतच आली होती आणि युरोप-अमेरिकेत पूर्वेकडच्या अशा लपलेल्या गुरूंचं भयंकर आकर्षण होतं. म्हणजे परक्यांचा चष्मा म्हणाल तर तो या गोष्टीवर आहे, भारत म्हणजे गूढ, भारत म्हणजे जादू, असं बघणारा.

त्या नऊ ग्रंथांचे विषयच बघा ना. प्रचारतंत्र आणि मानसिक युद्ध, सूक्ष्मजीवशास्त्र, गुरुत्वाकर्षण, समाजशास्त्र... हे विसाव्या शतकातल्या युनिव्हर्सिटीचे विभाग वाटतात, मौर्यकाळातल्या विद्या नाही. त्या काळी विद्यांची विभागणी कशी करायचे ते कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरुवातीलाच आहे, आन्वीक्षिकी (तर्क-तत्त्वज्ञान), त्रयी (तीन वेद), वार्ता (शेती, पशुपालन, व्यापार), दंडनीती (राज्यकारभार). आणि स्थापनेचं साल बहुतेक ठिकाणी इ.स.पू. २७३ देतात. अशोकाचा राज्याभिषेक साधारण २६८ च्या सुमाराचा, आणि कलिंग जिंकलं ते अभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर, हे तो स्वतःच तेराव्या शिलालेखात सांगतो. मग ज्या युद्धाचा पश्चात्ताप म्हणून मंडळी नेमली म्हणतात त्या युद्धाच्या दहा-बारा वर्षं आधीच ती नेमली कशी?

आता गुप्ततेचा मुद्दा. तुमचं लॉजिक असं आहे की पुरावा नाही हाच पुरावा. हे एकदा मान्य केलं की मग काहीही सिद्ध होतं, नऊ काय नव्वद काय. पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे, ही गोष्ट अशोकाच्या स्वभावाच्या बरोब्बर उलटी आहे. या माणसाने राज्यभर, रस्त्याकडेच्या आणि बंदराजवळच्या दगडांवर आपलं म्हणणं कोरून ठेवलं, तेही लोकांच्या प्राकृतात, वायव्येला खरोष्ठी लिपीत आणि कंदहारला चक्क ग्रीक आणि अरामाईकमध्ये. एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख धरून नेली आणि मला त्याचं दुःख आहे, हे विजेत्या राजाने कोरून ठेवलंय! ओडिशातल्या धौलीच्या स्वतंत्र लेखात तर हुकूम आहे की हा मजकूर दर तिष्य (म्हणजे पुष्य) नक्षत्राला वाचून ऐकवावा, आणि मधल्या काळातही प्रसंग आला तर ऐकायला एकच माणूस असला तरी ऐकवावा. एकट्या माणसालाही वाचून दाखवा म्हणणारा राजा नऊ जणांना म्हणेल का की कुणाला सांगू नका?

हां, एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे आणि ती मी लपवणार नाही. धौली आणि जौगड ही दोन्ही ठिकाणं कलिंगातली, आणि नेमका तिथेच मेलेल्यांच्या आकड्यांचा हा तेरावा लेख कोरलेला नाही, त्याऐवजी दुसरे लेख आहेत. जखमा ताज्या असलेल्या लोकांसमोर आकडे नकोत असा विचार त्यामागे असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं आणि मलाही. म्हणजे अशोक काही ठिकाणी हातचं राखून बोलायचा. पण ते आपल्याला कळलं कशावरून? त्याच्याच दगडांवरून.

ज्ञान हरवलं, हा तुमचा मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य आहे, आणि सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच. कारण अशोकाचेच शब्द हरवले होते! चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपऱ्याचा आणि मेरठचा असे दोन स्तंभ दिल्लीला आणवले, विद्वानांना बोलावून दाखवले, कुणालाही वाचता आले नाहीत. लेख डोळ्यांसमोर, उघड्यावर, कुणी लपवलेले नाहीत, पण ब्राह्मी, म्हणजे ते लेख ज्या लिपीत आहेत ती, वाचणारी माणसंच उरली नव्हती. लिपी पिढीगणिक बदलत गेली, जुनी अक्षरं शिकवायचं बंद झालं आणि साखळी तुटली, बस. पुढे जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने १८३७ मध्ये ती उलगडली ती कशी, तर सांचीच्या कठड्यांवर साध्या भाविकांचे छोटे छोटे लेख आहेत, प्रत्येकाच्या शेवटी तीच दोन अक्षरं आणि एक टिंब, त्याने ताडलं की हे 'दानं' असणार, अमक्याचं दान. द, न आणि अनुस्वार सापडला आणि तिथून गाडी सुरू झाली. तरीही लेखांतला 'देवानंपिय पियदसि' (देवांचा लाडका प्रियदर्शी) म्हणजे कोण हे प्रिन्सेपला आधी कळेना, सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, जॉर्ज टर्नरने पाली ग्रंथ चाळून तो अशोक असल्याचं दाखवलं, आणि पुढे १९१५ मध्ये रायचूर जिल्ह्यात मस्कीला प्रत्यक्ष 'असोक' नाव असलेला लेख निघाला.

आपल्या इथलं उदाहरण तर विरारच्या लोकलने जाऊन बघता येतं. नालासोपाऱ्याच्या स्तूपाला तिथले लोक बुरूड राजाचा कोट म्हणायचे. कुणीतरी बुरूड राजा होता, त्याचा किल्ला, एवढीच आठवण उरली होती. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला तर आत दगडी करंडा, त्यात तांब्याचा, आणि मग एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, सोन्याचा, आणि सगळ्यात आत काय तर मातीच्या भांड्याचे तुकडे आणि सोन्याची फुलं. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी जिवापाड जपलेले. सोपाऱ्यालाच भगवानलालांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहे. त्या लेखात अशोक म्हणतो की आधीचे राजे शिकारीच्या सहलीला जायचे, मी धम्मयात्रेला जातो.

भगवानलाल जुनागढचे, लहानपणी गिरनारच्या शिलालेखासमोर बसून स्वतः ब्राह्मी शिकले, मग मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांकडे आले आणि नाणेघाटापासून ओडिशातल्या हाथीगुंफेपर्यंत लेखांचे ठसे घेत फिरले. आपल्याला खरा वारसा मिळवून देणारी ही माणसं, आणि त्यांची नावं आपल्या पोरांना माहीत नाहीत, नऊ अज्ञात पुरुषांचे व्हिडिओ मात्र फॉरवर्ड होतात. याचा मला राग येतो. तुमच्यावर नाही, खरंच नाही, पण येतो.

कोकणातल्या कातळशिल्पांचं तुम्ही विचारलंय, 'तिथे तुम्हीच म्हणता कुणी केली माहीत नाही, मग हरवलेली संस्कृती का नको?' तर हरवलेली संस्कृती आहेच की, कोण नाही म्हणतंय! कशेळीच्या सड्यावरचा तो अवाढव्य हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले मासे, शार्क, बघितलेत तर जांभ्यावर एवढी रेघ सरळ कशी ओढली असेल असं वाटतं. पण ते कोरणारी माणसं कोण होती, काय खायची, पाऊस कुठे काढायची हे शोधायला तिथे खणावं लागतं, दगडी हत्यारं गोळा करावी लागतात, आणि ते काम चालू आहे. उत्तर म्हणून आधीच एखादी गुप्त मंडळी बसवली की खणायची गरजच संपते.

तुम्ही शेवटी विचारलंय की काय दाखवलं तर मी मत बदलेन. एकोणिसाव्या शतकाआधीचा, काळ नक्की ठरवता येईल असा एक मजकूर दाखवा. पाली, संस्कृत, तिबेटी, चिनी, फारसी, कुठलाही चालेल, शिलालेख असो की पोथीचं पान, फक्त त्यात अशोकाने नऊ जणांना गुप्त विद्या दिल्याचा उल्लेख हवा. व्हिडिओची लिंक नको, मूळ पानाचा फोटो पाठवा, भाषा मला येत नसेल तर येणाऱ्याकडून वाचून घेईन आणि इथेच, तुमच्या नावानिशी टाकेन.